हात दिसायला चांगले, पण सकाळी मूठ वळत नाही : रुमॅटॉइड संधिवातासोबत रोजचा संसार

प्रश्न : वय ३४, लातूर जिल्ह्यातल्या गावात एकत्र कुटुंबात राहते. घरची शेती आहे, मी शिलाईही करते. आठ महिन्यांपूर्वी रुमॅटॉइड संधिवात निघाला. गोळ्या चालू आहेत. सकाळी मूठ वळत नाही, तांब्या धरवत नाही. दुपारपर्यंत हात मोकळा होतो. बोटं वाकडी नाहीत, तब्येत उतरलेली नाही, त्यामुळे घरात कुणाला काही दिसत नाही. सासूबाई म्हणतात, ‘काल वीस भाकरी थापल्यास की, मग आज काय झालं?’ आता मलाच वाटायला लागलंय, मी आळशी तर झाले नाही ना? जाऊबाई सांगतात, एका पुडीनं कुणी बाई चार दिवसांत बरी झाली. गोळ्या जन्मभर घ्यायच्या का? आणि माझ्या मुलीला हे होईल का?

उत्तर :

ताई, आळसाला वेळापत्रक नसतं. तुमच्या त्रासाला आहे. सकाळी जास्त, हात चालता झाला की कमी, बराच वेळ एका जागी बसून उठलं की पुन्हा थोडा. ही सांध्यातल्या सुजेची खूण आहे. संधिवाताचे रुग्ण मी अनेक वर्षं तपासते आहे आणि तुम्ही लिहिलेलं जवळपास याच शब्दांत बायका सांगतात. तेव्हा आळसाचा विचार आधी डोक्यातून काढा.

आत नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण घरी सांगताना ते उपयोगी पडेल. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा त्या अस्तरालाच परकं समजून त्याच्यावर चालून जाते. अस्तर सुजतं, सांध्यात पाणी धरतं. सूज वाढवणारी रसायनं रक्तात पहाटेच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतात, आणि सूज आवरणारा शरीराचा स्वतःचा हार्मोन रात्रभर कमी असतो. म्हणून सकाळी बोटं आखडतात. हीच रसायनं अंगभर फिरतात, त्यामुळे नुसते हात दुखत नाहीत, आख्खं माणूस थकतं. झोप होऊनही थकवा जात नाही तो यामुळे. बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिनही सोबत उतरलेलं असतं, ते तपासून घ्या. हाडांची झीज बरीच नंतर होते, त्यामुळे पहिल्या वर्षातला एक्स-रे अनेकदा साफ येतो. बोटं वाकडी होण्याआधीच औषधांनी आजार धरायचा, हेच आमचं उद्दिष्ट असतं. तुमचे हात सरळ आहेत याचा अर्थ उपचार वेळेत सुरू झाले. आजार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण या आजारातली सगळी गुंतागुंत त्यात आहे. काल वीस भाकरी थापल्या आणि आज थापवत नाहीत, यात विसंगती नाही. काल वीस थापल्या म्हणूनच बऱ्याचदा आज थापवत नाहीत. तुमचा कालचा दिवस बरा होता. बरं वाटलं की बाई काय करते? साचलेलं सगळं उरकते. धुणं, फरशी, राहिलेली ब्लाउजं, वर भाकरी. आपण अजून कामाच्या आहोत हे घराला आणि स्वतःला दाखवायचं असतं. मग दोन दिवस अंथरूण. तिसऱ्या दिवशी पुन्हा बरं वाटतं आणि पुन्हा तेच. घरच्यांना मात्र एवढंच दिसतं की हिला मनात असलं की जमतं. आजार बऱ्या दिवशी सांभाळायचा असतो, दुखऱ्या दिवशी नव्हे. दुखऱ्या दिवशी फारसं काही हातात उरतच नाही. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

बऱ्या दिवशीच्या कामाचं माप असं ठरवा : काम संपल्यावर दोन तासांनीही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, तर ते काम आज जास्त झालं. उद्या तेच काम निम्मं करा, किंवा मध्ये विसावा घेऊन दोन टप्प्यांत करा. विसावा दुखायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, त्याआधी घ्यायचा. हे आमच्या बायकांना सगळ्यात जड जातं. हात चालत असताना बसणं म्हणजे पाप, असंच लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण उलट टोकही नको. पूर्ण आराम केला की सांधे अजून आखडतात आणि त्यांना आधार देणारे स्नायू वाळतात. सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल त्या दिवशी फक्त हलकेच वाकवणं-सरळ करणं, एरवी रोज चालणं आणि हातापायांचे व्यायाम सोडायचे नाहीत.

भाकरीचंच घ्या. ज्वारीची भाकरी म्हणजे मनगट आणि बोटांच्या मुळांच्या सांध्यांवर सरळ भार, आणि आपल्याकडे ती पहाटेच लागते, नेमकं हात बंद असतात तेव्हा. शेतावर जाणाऱ्याला डबा हवा, शाळेला मुलं निघतात. मी बायकांना भाकरी सोडा म्हणत नाही, वेळ बदला म्हणते. पीठ कढत पाण्यात भिजवलं की मळायला जोर कमी लागतो. मळताना बोटांच्या टोकांनी रेटू नका, तळव्याचा मागचा भाग वापरा, आणि उभ्यानं मळा म्हणजे खांद्याचं बळ मिळतं. लातूर-धाराशिवकडे कडक भाकरी घरोघरी माहीत आहे. आठवड्यातून दोन दुपारी, हात मोकळा असताना, थोड्या थोड्या करून ठेवल्या तर त्या बरेच दिवस टिकतात. सकाळी वरणात किंवा आमटीत चुरून डबा होतो. जबड्याचा सांधा धरला असेल तर तुम्ही स्वतः नीट भिजवूनच खा. दळण, कणीक, पुरण यांत जिथं यंत्र मिळेल तिथं ते वापरा. पाटा-वरवंटा आणि हातानं फिरवायचं पुरणयंत्र तुमच्या मनगटाला सोसणार नाही.

सकाळचा पहिला तास शरीरासाठी ठेवा. उठल्या उठल्या अंथरुणातच बोटं, मनगट, घोटे, गुडघे हळूहळू हलवायचे. मग सोसेल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून त्या पाण्यातच मूठ वळायचा प्रयत्न करायचा. आखडलेल्या सांध्याला शेक, सुजून गरम झालेल्या सांध्याला थंड पट्टी. हे उलट करू नका.

पाण्याचं काय, हा मराठवाड्यातला खरा प्रश्न आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, आणि त्यानंतरही नळाला पाणी कधी येईल याचा नेम अनेक गावांत नाही. टँकर आला की बरा दिवस, वाईट दिवस असं काही बघता येत नाही. म्हणून याची व्यवस्था आधीच करावी लागते. भरलेला हंडा किंवा बादली एका हाताच्या बोटांत लटकवून नेणं हा संधिवाताच्या हाताचा सगळ्यात मोठा शत्रू. पाइप लावून भरता येईल ते पाइपनं भरा. न्यायचंच असेल तर लहान कळशी, दोन्ही हातांनी, छातीजवळ धरून. खाली तोटी असलेला ड्रम घेतला तर घरातल्या घरात उपसणं वाचतं. पाणी भरणं हे काम घरात कायमचं दुसऱ्या कुणाकडे द्या. रोज मागावी लागणारी मदत टिकत नाही, एकदा वाटून दिलेलं काम टिकतं.

पिळे घालणं, घट्ट झाकण उघडणं, खुरपं आवळून धरणं, ही सगळी पिळण्याची आणि चिमटीची कामं तितकीच वाईट. कपडे न पिळता दोरीवर निथळत टाका, आपल्या उन्हात ते तसेच वाळतात. खुरप्याच्या मुठीला जाड कापड गुंडाळा, मूठ जाड असली की बोटांना कमी आवळावं लागतं. तव्याच्या सांडशीलाही तेच. शिलाईत मशीनपेक्षा कात्री जास्त त्रास देते. कापायचं काम दुपारी घ्या, एका बैठकीला एकाच कपड्याचं, आणि आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री मिळाली तर बघा. पायमशीन असेल आणि गुडघे-घोटे दुखत असतील तर मोटार बसवून घ्या, तो खर्च वाया जाणार नाही. दिवाळीच्या ऑर्डरी घेताना बऱ्या दिवसाच्या वेगानं तारीख देऊ नका.

सणांचंही तसंच. महालक्ष्म्यांचे तीन दिवस आणि येळवसेची, म्हणजे वेळ अमावास्येची, रात्र यांच्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे सुजलेले हात घेऊन बायका येतात. येळवस तर ऐन थंडीत येते. रात्रभर भज्जी, आंबील, उंडे करायचे आणि पहाटे शेताकडे निघायचं. सणाचं काम चार दिवस आधीपासून पसरा, निवडणं-सोलणं बसून करा, ढवळणं-उचलणं दुसऱ्याकडे. नवरात्रात उपवास धरणार असाल तर गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. उपाशी पोटी वेदनाशामक घेऊ नका आणि उपवासासाठी गोळी बंद तर अजिबात करू नका.

घरच्यांना कसं सांगायचं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ‘दुखतंय’ एवढंच सांगत राहिलात तर काही दिवसांनी ते कुणाच्या कानावर पडत नाही. घरचे दुष्ट असतात असं नाही. दुखणं मोजता येत नाही आणि आपल्याकडे दुखणं प्रत्येकालाच आहे. सासूबाईंचे गुडघेही दुखत असणार. त्यांना वाटतं, मी दुखत असूनही आयुष्यभर केलं, हिला काय झालं? त्यांचा त्रास बहुधा झिजेचा असतो : चाललं की वाढतो, बसलं की कमी. तुमचा उलटा आहे. हा फरक त्यांना समजावून सांगा, पण त्यांचं दुखणं खोटं ठरवून नव्हे. आणि मागणी कामाच्या आणि घड्याळाच्या भाषेत करा. ‘सकाळी नऊपर्यंत माझ्या हातात जड काही देऊ नका, नऊनंतर दुपारचा स्वयंपाक माझा.’ यात नकार कमी आणि खात्री जास्त आहे. कोणत्या कामाला तुम्ही नक्की आहात हे कळलं की घराचीही चिडचिड कमी होते.

पुढच्या तपासणीला मालकांना आणि जमलं तर सासूबाईंना आत घेऊन या, बाहेर बाकावर बसवू नका. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर बोटांच्या मुळाशी दाबून दाखवलं, रिपोर्टमधला सुजेचा आकडा वाचून दाखवला, तर जे काम तुमच्या शंभर वेळा सांगण्यानं होत नाही ते होतं. मात्र सुजेचा आकडा नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही, हेही त्यांना तिथंच ऐकू द्या. ईएसआर आणि सीआरपी या सूज मोजणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल असतानाही काही जणींचे सांधे सुजलेले असतात.

आणखी एक अडचण आहे. गावाहून एसटीनं येऊन नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि तोवर तुमची मूठ वळायला लागलेली असते. डॉक्टरांनाही तुमचा बरा असलेलाच हात दिसतो. म्हणून एक छोटी वही ठेवा. रोज एवढंच लिहा : सकाळी हात मोकळा व्हायला किती वेळ लागला, कुठला सांधा सुजला, काल काय काम केलं होतं. सूज दिसेल त्या सकाळी मोबाइलवर फोटो काढा. या वहीवरून औषधाचा डोस बदलायचा की नाही हे मला रक्ताच्या रिपोर्टाइतकंच कळतं. आणि तुम्हालाही महिन्याभरात कळेल, कुठलं काम तुम्हाला दुसऱ्या दिवशी पाडतं.

आता गोळ्या. जन्मभर का, तर बहुतेकांना दीर्घकाळ लागतात, आणि बरं वाटणं हे त्यांचंच काम असतं. बऱ्या दिवशी गोळी सोडणं हे बऱ्या दिवशी सगळं धुणं काढण्यासारखंच आहे : फटका नंतर बसतो. आजार दीर्घकाळ शांत राहिला तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. तो निर्णय तुमचा एकटीचा नको.

तुम्ही गोळ्यांची नावं लिहिलेली नाहीत. बहुतेकांना मेथोट्रेक्सेट असते, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगते. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घसरतात, जीवावर बेततं. म्हणून वार पक्का करा. गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी असतो तो दिवस धरा, घरात सगळ्यांच्या लक्षात राहतो, आणि पाकिटावर पेननं तो वार लिहा. रात्री जेवून घेतली की मळमळ कमी होते. सोबत दिलेली फॉलिक अॅसिडची (जीवनसत्त्वाची) गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या वारी घ्या. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे तीन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणाऱ्यांचं नुकसान होतं. यकृत आणि रक्तपेशींची तपासणी सुरुवातीला लवकर लवकर, पुढे साधारण तीन महिन्यांनी. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नका. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यानं तालुक्याला किंवा लातूरला जाणं थोडं सोपं झालं आहे. मेथोट्रेक्सेट आणि संधिवातातच दिलं जाणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही दोन्ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि तुलनेनं स्वस्त आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्यांची तपासणी ठरल्याप्रमाणे करा.

तुम्ही ३४ वर्षांच्या आहात, म्हणून हेही विचारायलाच हवं. पुढे मूल हवं आहे का? मेथोट्रेक्सेटवर असताना गर्भ राहता कामा नये, बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. मूल हवं असेल तर काही महिने आधी सांगा, औषध बदलता येतं. हा आजार असताना आई होता येतं, फक्त ठरवून. दुसरं, ताप आला म्हणून गावातल्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर आधी ही गोळी चालू असल्याचं सांगा. काही प्रतिजैविकं, विशेषतः ट्रायमेथोप्रिम असलेली, तिच्यासोबत धोकादायक ठरतात. ताप, तोंडात फोड, नवा कोरडा खोकला, धाप यांपैकी काही झालं तर त्या आठवड्याची गोळी न घेता लगेच संपर्क करा.

उन्हाळ्यात विशेष काळजी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. शेतात घाम जातो, पाणी कमी प्यायलं जातं, वरून वेदनाशामक गोळ्या घेतल्या की मूत्रपिंडावर ताण येतो. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडते ती मूत्रपिंडातूनच. ती साचली की विषारी ठरते. जुलाब-उलट्या झाल्या तरी हाच धोका. दुकानातून आणलेली वेदनाशामकं रोजची सवय होऊ देऊ नका.

पुडीबद्दल कळकळीनं सांगते. नाव-पत्ता नसलेली, घटक न लिहिलेली पुडी चार दिवसांत चमत्कार दाखवते तेव्हा तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते. स्टेरॉइड वाईट नाही. सुरुवातीला आम्हीही थोड्या काळासाठी, मोजून, लक्ष ठेवून देतो. पण डोस माहीत नसलेलं स्टेरॉइड महिनोन्महिने घेतलं की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. ते घेत असताना सांधा आतून खराब होत राहतो, कळत मात्र नाही. तुम्ही किंवा ओळखीतलं कुणी ती काही महिने घेत असेल तर एकदम बंद करू नका, तसं करणंही जीवघेणं ठरू शकतं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. कुणी रागावणार असेल तरी लपवू नका.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण गावात एजंट पैसे मागतात म्हणून सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. नुसत्या संधिवाताच्या निदानावर ते मिळत नाही. सांध्यांच्या हालचाली कायमच्या किती गेल्या हे बघतात. तुमचे हात आज सरळ आहेत, तेव्हा त्यात पैसे घालू नका.

मनाचं. सतत स्वतःला खरं ठरवावं लागणं हे दुखण्याइतकंच थकवतं. या आजारात उदासी येणं सामान्य आहे आणि तिच्यावर वेगळा उपचार होतो. दोन आठवडे कशातच मन लागेना, झोप उडाली, जगणं नको वाटायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सांगा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि तुमची मुलगी. आईला हा आजार असेल तर मुलांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेक मुलांना तो होत नाही. आत्ता तिची कुठलीही रक्ततपासणी करू नका. काही त्रास नसताना आरए फॅक्टर (या आजारासाठी करतात ती रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला तरी त्यातून आजार ठरत नाही, घोर मात्र लागतो. तिचे सांधे कधी सहा आठवड्यांहून जास्त काळ सुजलेले राहिले किंवा ती सकाळी लंगडायला लागली, तर तेव्हा दाखवा.